सिस्टरबाईचं खोटं

सिस्टर रेजिना यांना संतपद द्यायचं घाटत होतं, तेव्हा त्यांच्याबद्दल विचारायला शहरातून एक फादर माझ्याकडे आले होते. आता मी काही ख्रिस्ती नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या घरातली मी सून. माझ्या सासऱ्यांनी घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते, आणि टोपली तेवढी परत आणली होती, कारण टोपली चांगली होती. अशा घरातल्या बाईला एखादी संत होती की नव्हती हे विचारायचं म्हणजे गंमतच. पण फादरांचा नाइलाज होता. त्यांना जे हवं होतं ते माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं.

माझं माहेर रामपायलीचं. लग्न होऊन लामत्याला आले आणि तिथल्या मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. शाळेत हिंदी शिकवायची, घरी मराठी बोलायची आणि बाजारात तोंडाला येईल ते. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे मिशनचा दवाखाना. दवाखाना म्हणजे दोन-तीन खोल्या, कौलारू ओसरी, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे कुंपणाला लागून थोड्या कबरी. आमचा बालाघाट जिल्हा नागपूर सोडून भोपाळच्या राज्यात गेला, त्याच सुमाराला सिस्टर तिथं आल्या. नॅरोगेजच्या छोट्या गाडीतून उतरल्या तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती आणि काखेत केळीचे मुनवे होते, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले.

त्या वसईकडच्या, बागायतदाराच्या घरातल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, चौकोनी तोंडाच्या. पायात पुरुषी काळे बूट. ते मुनवे त्यांनी विहिरीच्या कडेला लावले, पण आमच्या मातीत त्यांना काही केल्या वसईची केळी येईना. घड यायचा तो बोटाएवढ्या केळ्यांचा. सिस्टर रोज सकाळी त्या झाडांसमोर उभ्या राहून त्यांना शिव्या घालायच्या, वसईच्या भाषेत, म्हणजे आम्हाला कळू नयेत म्हणून. कळायच्या सगळ्या.

सिस्टर प्रेमळ नव्हत्या. हे मी फादरांना पहिल्यांदा सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण काय करणार. दारात बाई आली की सिस्टर विचारायच्या, "मरायला आलीस का जगायला?" गावाला त्याची इतकी सवय झाली होती की एकदा एका म्हातारीनं शांतपणे सांगितलं, "तुमी म्हनान तसं, सिस्टरबाई." पोरगा झाला म्हणून कोणी पेढे आणले तर त्या पेढे घ्यायच्या, आणि पोरगी झाल्यावर कोणी आणले नाहीत तर घरी जाऊन मागून आणायच्या. आवाज तर असा, की त्या दवाखान्यात एखादीला रागवल्या तर दोन घरं पलीकडे माझ्या वर्गातल्या पोरी गप्प बसत. मला त्याचा उपयोगच व्हायचा.

ओसरीवर त्यांनी एक रांजण ठेवला होता, लांब दांड्याच्या ओगराळ्यासह. आलेल्या प्रत्येकानं आधी पाणी प्यायचं, मग दुखणं सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता. उन्हातून चालत आलेल्याला अर्धं दुखणं तहानेचंच असतं असं त्यांचं मत. पण रांजण एक आणि ओगराळं एक. मी पहिल्यांदा ताप घेऊन गेले तेव्हा पाणी प्याले, आणि माझ्यामागे पाटलीणबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं.

"मले तहान नाई, सिस्टरबाई."

"मग दवाही नाही," सिस्टर म्हणाल्या. "बाजूला हो, मागं रांग आहे."

पाटलीणबाई तरातरा निघून गेल्या. ऊन उतरायच्या आत परत आल्या, घरचा पितळी लोटा घेऊन. सिस्टरांनी त्याच ओगराळ्यानं त्याच रांजणातलं पाणी त्यांच्या लोट्यात घातलं. पाटलीणबाईंनी ते पिऊन टाकलं आणि नाडी दाखवायला हात पुढे केला. मला हसू आवरेना. सिस्टर माझ्यावर खेकसल्या, "ताप आलाय ना तुला? मग दात काढू नकोस." त्या दिवसापासून आमची ओळख.

संध्याकाळी शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. त्या तांदूळ निवडत आणि मी मुलींच्या पाट्या तपासत असे. देवावर आम्ही बोलत नव्हतो. त्यांनी मला कधी चर्चची वाट दाखवली नाही, आणि मीही त्यांच्या गळ्यातल्या क्रुसाबद्दल कधी काही बोलले नाही. भांडणं मात्र पुष्कळ केली. त्यातलं एक भांडण असं होतं की ते आजही माझ्या मनात मिटलेलं नाही, आणि फादरांना जे हवं होतं ते त्या भांडणातच होतं.

आमच्या भागात तेव्हा बाळंतिणीला पाणी देत नसत. बाळंत झाल्यापासून तीन दिवस, कुठे कुठे पाच दिवस, पाण्याचा थेंब नाही. कडू काढ्याचा एखादा घोट, बस. पाणी दिलं तर पोट फुगतं, बाई सुजते, असं म्हणायचे. हे काही छळायला म्हणून करत नव्हते. प्रत्येक सासू स्वतः तशीच कोरड्या तोंडानं बसलेली असायची आणि जगलेली असायची. ज्या जगल्या नाहीत त्या सांगायला येत नव्हत्या.

फुलवंती नावाची एक पोरगी होती, माझ्या शाळेत शिकून गेलेली. चैत्र संपता संपता बाळंत होऊन मोकळी झाली. गरम वारं सुटलेलं, घराचं दार बंद, आत शेगडी. दुसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या, मला बरोबर घेऊन, कारण फुलवंतीची सासू माझं ऐकेल असं त्यांना वाटलं. सिस्टर दारात बसून समजावत होत्या. बाईच्या अंगातलं पाणी कसं जातं, रक्त कसं जातं, दूध कशाचं होतं, सगळं नीट, एक शब्दही न रागावता. त्यांना तेवढं नरम बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमचं बराबर असन, सिस्टरबाई," सासू म्हणाली. "पन आमी बी असेच बसलो होतो. मले का सुनेचं वाईट पाह्यचं हाये?"

आतून फुलवंती पाणी मागत होती. आवाज येत होता आम्हाला. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज बंद झाला. सासू सगळ्यांत जास्त रडली, आणि ते रडणं खरं होतं. सिस्टर तिच्या अंगणात उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गल्लीतल्या द्रौपदाबाईची सून मोकळी झाली. सिस्टरांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या, त्यांत उकळलेलं पाणी भरलं, गूळ घातला, चिमूटभर मीठ घातलं, आणि बाटलीच्या गळ्याला निळा दोरा बांधला. ती घेऊन त्या द्रौपदाबाईच्या दारात उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे देवाच्या आईचं, माऊलीचं पाणी आहे. सुनेला घटकेघटकेला पाजायचं. बाटली संपली की दुसरी न्यायची. आणि एक सांगून ठेवते. जी हे पाणी अडवील, तिच्या घरातल्या कर्त्या पुरुषावर ते बसेल."

द्रौपदाबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. सुनेला पाणी मिळालं. ती जगली, पोरगंही जगलं.

संध्याकाळी मी ओसरीवर गेले ती तणतणतच.

"सिस्टर, हे काय चालवलं तुम्ही? कर्त्या माणसावर बसते म्हणे. खरं आहे का ते?"

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. तांदळातून नजर काढली नाही. "विहिरीचं पाणी आहे. कोणावर काही बसत नाही."

"मंग काहून सांगितलं?"

"प्याली ना ती?"

"आमच्या घरचे देव आम्ही नदीत सोडले, लोकांच्या डोक्यातलं भय जावं म्हणून. आणि तुम्ही शिकली-सवरली बाई नवीन भय पेरून राह्यल्या? पाणी मंतरायचंच आहे तर फादरकडून खरंखुरं मंतरून घ्या. निदान खोटं तरी होणार नाही."

"फादर पाणी मंतरतील, मास्तरीण. धमकी मंतरणार नाहीत. आणि बायका पाण्याला भीत नाहीत, धमकीला भितात." त्यांनी सूप खाली ठेवलं. "फुलवंतीच्या सासूला मी खरं सांगून पाहिलं. तू होतीस तिथं. मी काय कमी सांगितलं, सांग."

त्यांनी काही कमी सांगितलं नव्हतं. पण मला पटलं नाही, म्हणून मी म्हटलं, "आणि तुमच्या देवाला काय सांगता?"

"शनिवारी फादर येतात, त्यांच्यापाशी कबूल करते. ते प्रायश्चित्त देतात, ते करते. सोमवारी परत कोणाची तरी सून मोकळी होते."

हे त्यांनी असं सांगितलं की मला हसू आलं. त्याही हसल्या थोड्या. तेव्हा दोघींनाही ते तेवढ्यावरच निभावेल असं वाटलं होतं.

पुढची काही वर्षं निभावलंही. माऊलीच्या पाण्याचा बोलबाला बिरशाच्या जंगलापर्यंत गेला. लोक छोट्या गाडीनं येऊन बाटल्या नेऊ लागले. धमकी आता सिस्टरांना द्यावीच लागत नव्हती, लोक एकमेकांना देत होते, आणि वर आपलं थोडं घालून देत होते. सिस्टर फक्त बाटली भरून निळा दोरा बांधायच्या. बाळंतिणी मरायच्या राहिल्या असं मी म्हणत नाही, इतर पुष्कळ कारणं होती. पण दाराआडून पाणी मागणारा आवाज मी लामत्यात परत ऐकला नाही.

मग कौतिकाबाईचं झालं. ही जुन्या वळणाची बाई, कोणाच्या सांगण्यानं हलणारी नव्हे. सुनेसाठी बाटली आणली, पण पाजली नाही. मोरीत ओतली आणि रिकामी बाटली परत आणून दिली. सून दांडगी होती, तशीच तरली. महिन्याभरात कौतिकाबाईचा मुलगा हरिराम, जंगलात सागाची लाकडं गाडीवर चढवताना ओंडक्याखाली सापडून मेला. एकुलता एक होता.

तेराव्यानंतर कौतिकाबाई दवाखान्यात आली. ओसरीवर चढलीच नाही, अंगणातल्या धुळीत बसली. मी शाळेतून येत होते, फाटकात थबकले.

"म्या सांडलं पानी, सिस्टरबाई," ती म्हणाली. "सुनेले नाई पाजलं, मोरीत सांडलं. माह्या पोट्ट्यावर बसलं ते."

सिस्टर पायऱ्या उतरून खाली आल्या आणि तिच्यासमोर धुळीत बसल्या. एवढ्या मोठ्या अंगाची बाई, बसायला त्रास व्हायचा त्यांना.

"कौतिका, माझ्याकडे बघ. ते खोटं होतं. माऊलीचं पाणी नव्हतं ते, या विहिरीचं होतं. मी खोटं बोलले. तुझा हरी ओंडका घसरला म्हणून गेला. तुझ्यामुळं नाही गेला."

"तुमी मले समजावून राह्यल्या."

"समजावत नाही. शपथ घेऊन सांगते."

"हौ जी," कौतिकाबाई म्हणाली. "तुमचं मन मोठं हाये." आणि तिनं त्यांच्या बुटांवर डोकं ठेवलं. सिस्टरांनी पाय ओढून घेतले तर ती आणखी पुढे सरकली.

मी फाटकातून परत फिरले. त्या दिवशी मला सिस्टरांचं तोंड बघवलं नसतं.

आठवडाभर त्या जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांच्याबरोबर दोन तरुण सिस्टर राहायच्या, त्यांपैकी एक येऊन मला विचारून गेली, काय झालंय म्हणून. मी सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी सिस्टरांनी स्वतःच सांगितलं. तांदूळ समोर होते पण हात चालत नव्हता.

"फादरांनी या वेळी माफी दिली नाही."

मी विचारलं, असं कसं, दर वेळी देत होते ना.

"कबुली देताना म्हणावं लागतं, पुन्हा करणार नाही. इतकी वर्षं मी म्हणत होते आणि ते ऐकून घेत होते. आता ते म्हणतात, नुसतं म्हणून भागणार नाही. तुझ्या बोलण्यानं एका आईला वाटतंय की तिनं पोरगा मारला. बाजाराच्या दिवशी उभी राहा आणि गावाला सांग, सगळं खोटं होतं. मग माफी."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हटलं. मी तेच तर सांगत होते पहिल्यापासून.

"बरोबरच आहे."

"मग सांगा गावाला."

"सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद होईल, मास्तरीण."

"होईल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

"मग नाही सांगत."

ख्रिस्ती नसलेल्याला पुढची गोष्ट समजावून सांगावी लागते, मलाही त्यांनीच सांगितली. माफी नाही म्हणजे कम्युनियन नाही. प्रार्थनेच्या शेवटी फादर प्रत्येकाच्या जिभेवर एक पातळ पांढरी चकती ठेवतात. मला ती गव्हाच्या पिठाची चकती दिसते. त्यांच्या लेखी त्यात साक्षात देव असतो, आणि सिस्टरसारखीला तो घेतल्याशिवाय जगणं जमत नाही. सिस्टर लहानपणापासून तो घेत आल्या होत्या. त्यासाठी घर सोडलं होतं, वसई सोडली होती. मनावर न फिटलेलं पाप ठेवून तो घेतला तर ते आणखी मोठं पाप. म्हणून त्यांनी घेणं बंद केलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांची प्रार्थना व्हायची. मागच्या विहिरीवर पाण्याला गेलं की खिडकीतून आत दिसे. दोन्ही तरुण सिस्टर उठून पुढे जायच्या, गावातली चार ख्रिस्ती माणसं जायची, आणि सिस्टर रेजिना शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसून राहायच्या. सगळ्यांना दिसत होतं. काय पाप केलं असेल बाईनं, अशी कुजबुज त्यांच्या माणसांत सुरू झाली. एकीनं तर मला विचारलं, सिस्टरांचा विश्वास उडालाय का हो. फादरांना कारण माहीत होतं, पण कबुलीत ऐकलेलं त्यांना मरेपर्यंत बोलता येत नाही. सिस्टर आपणहून सांगणाऱ्या नव्हत्या. म्हणजे ते जाणणारी गावात मी एकटी, आणि मी त्यांच्या देवाला न मानणारी.

मी एकदा म्हटलं, "घेऊन टाका हो. तुमचा देव काही एवढा कोता नसेल."

त्या माझ्यावर अशा भडकल्या की विचारू नका. "तुला काय कळतं त्यातलं? तुझ्यासाठी ती पिठाची चकती आहे." मग तांदूळ पुढे ओढून म्हणाल्या, "रागावू नकोस. भूक लागली की माणूस चिडतं."

असं त्या किती तरी वर्षं राहिल्या. बाटल्या भरत राहिल्या, शेवटच्या बाकावर बसत राहिल्या. केळीला शिव्या देणं तेवढं बंद झालं. मग पोटाचं दुखणं निघालं आणि त्या खाटेला लागल्या ते उठल्याच नाहीत. कुंपणाजवळ त्यांची कबर झाली.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरला बाटल्यांचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, असलं पाणीबिणी इथं मिळत नाही. बायकांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग आपला आपण मार्ग काढला. सून मोकळी झाली की सासू लोटा घेऊन यायची, मिशनच्या विहिरीवर भरायची, कबरीला टेकवायची, निळा दोरा बांधायची आणि घरी नेऊन सुनेला पाजायची. अडवलं तर कर्त्यावर बसतं हे सगळ्यांना माहीतच होतं. कुणबी, पवार, गोंड, आमच्या वस्तीतल्यासुद्धा यायच्या. आमच्या वस्तीतल्यांना मी आडवं यायला हवं होतं. आले नाही.

या कबरीची कीर्ती वरपर्यंत गेली आणि म्हणून ते फादर आले. तरुण होते, सज्जन होते, हिंदीत बोलत. ते आठ-दहा दिवस गावात फिरले, बायकांना विचारत. बायकांनी भरभरून सांगितलं. सगळ्यांत जास्त कौतिकाबाईनं सांगितलं. ती आता सुनेसोबतच राहत होती, दोघी विधवा, आणि गावातल्या प्रत्येक नव्या बाळंतिणीसाठी स्वतः कबरीवरून लोटा नेऊन देत होती. ती फादरांना म्हणाली, "सिस्टरबाईच्या शब्दात लय ताकद होती जी. म्या पानी सांडलं, माहा पोट्टा गेला. याहून मोठा पुरावा काय पायजे तुमाले?"

फादर तिथून उठले ते सरळ माझ्याकडे आले. पाणी मागितलं, प्याले, आणि म्हणाले, माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. एका सिस्टरनं, देवाच्या नावानं, असा शाप दिला होता का? आणि दुसरा, ती शेवटची वर्षं कम्युनियन का घेत नव्हती? लोक म्हणतात तिचा विश्वास उडाला होता. तसं असेल तर हे सगळं इथंच थांबतं.

मला पेच पडला, खोटं का बोला. पहिल्याला नाही म्हटलं असतं तर कौतिकाबाई खोटी पडली असती. दुसऱ्याला माहीत नाही म्हटलं असतं तर सिस्टर कायमच्या विश्वास उडालेल्या ठरल्या असत्या, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. का सहन होऊ नये? मला कुठे त्या विश्वासाचं काही पडलं होतं? पण नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. फुलवंती, बाटल्या, हरिराम, कौतिकाबाई, शेवटचं बाक.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "बहनजी, हे मी वर कळवलं तर त्या संत होणार नाहीत. ज्या पापाची माफी घेतली नाही ते घेऊन त्या गेल्या."

"हौ," मी म्हटलं. "पण विश्वास उडालेला नव्हता, हेही कळवा."

"आणि गावाला? हे खोटं अजून चालूच आहे. मी फादर आहे. मला माहीत असून मी गप्प कसा राहू?"

मी त्यांना समोर दाखवलं. रस्त्यापलीकडे दवाखान्याच्या फाटकातून एक बाई लोटा घेऊन बाहेर पडत होती. दूरच्या खेड्यातली असावी, पायांना गुडघ्यापर्यंत धूळ. लोट्यावर हात झाकून ती भरभर चालत होती, सांडू नये म्हणून.

"तिला सांगा," मी म्हटलं. "ती जवळच आहे."

फादर उभे राहिले. ती बाई वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग परत खाली बसले. त्यांनी गावात कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीनं ते गेले, आणि त्यानंतर सिस्टरांची चौकशी करायला वरून कोणी आलं नाही. कबरीवर लोटे मात्र येत राहिले.

सिस्टरांचा मला राग येतो, अजून येतो. कौतिकाबाईला पाहिलं की येतोच. आणि तरी माझ्या आयुष्यात तेवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही, आणि आता या वयात मी तो नाद सोडला आहे.

त्या दिवशी उठण्यापूर्वी फादरांनी मला एक शेवटचं विचारलं होतं. चौकशीसाठी नाही, असंच. "शेवटी, जाताना तरी घेतलं का त्यांनी?"

मी होते तिथं. सकाळची वेळ होती. दर शनिवारी येणारे तेच म्हातारे फादर बालाघाटहून आले होते. सिस्टर इतक्या रोडावल्या होत्या की खाटेवर त्यांची उंची तेवढी उरली होती. फादर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "रेजिना, बरी झाल्यावर गावाला सांगीन, एवढंच म्हण. नुसती मान हलव." सिस्टर बऱ्या होणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि सिस्टरांनाही. म्हातारा माणूस अगदी गयावया करत होता. सिस्टर हलल्या नाहीत. शेवटी फादरांनी स्वतःच डबी उघडली, चकती काढली आणि सिस्टरांच्या तोंडाजवळ नेली.

सिस्टरांनी तोंड उघडलं. लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली. डोळे मिटले होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मऊ झाला होता.

मग चकती जिभेला टेकायच्या आत त्यांनी तोंड मिटलं. "फादर, बरी झाले तर मी परत तेच करीन," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे कूस वळवली.